देठाचा वास

काकांना फरक कळला नाही म्हणजे फरकच नाही, असं म्हणून साहेबांनी टेबलावर थाप मारली आणि सगळे हसले. काकाही हसले. हसताना त्यांच्या पोटात जो खड्डा पडला तो कुणाला दिसला नाही. पोटातले खड्डे बाहेरून दिसत नाहीत ही देवाचीच कृपा, नाहीतर माणसाला चारचौघांत बसणं मुश्कील झालं असतं. झालं होतं ते एवढंच. विमानात प्रवाशांना जो टोमॅटोचा रस देतात तो डब्यात भरणारी जुनी कंपनी बंद पडली होती, आणि नव्या कंपनीने नमुना पाठवला होता. चाखणाऱ्याच्या पुढ्यात तीन कप ठेवायचे, दोन सारखे आणि एक वेगळा. वेगळा कोणता ते त्याने सांगायचं आणि मग कप उलटा करून बुडाची खूण बघायची, अशी तिथली रीत. काकांनी नेहमीसारखा एकेक कप नाकाशी नेला, तोंडभर घोट घेऊन गालांत खेळवला, बादलीत थुंकला, डोळे मिटले, आणि मधला कप पुढे सरकवून म्हणाले, "हा आपला जुना. शंकाच नको. देठ येतोय मागून. वेगळा म्हणाल तर हा कडेचा." मधला कप उलटा केला तर बुडाला नव्या कंपनीची खूण. मग साहेबांनीच त्याचा अर्थ लावला आणि तो सगळ्यांना पटलाही. काकांनाच जर जुना वाटला, तर नव्यात खोट काढणारे आपण कोण? फक्त सगळे जिला 'नवी' म्हणत ती चाखणारी पोरगी हळूच म्हणाली, "सर, मला तर मधलाच वेगळा वाटला. जरा करपल्यासारखा वास येतोय त्याला." साहेब तिच्याकडे न बघताच म्हणाले, "काकांना आला नाही आणि तुला आला? सर्दीबिर्दी झालीय का बघ जरा." पुन्हा सगळे हसले. सह्या उद्या सकाळी करू, असं ठरून बैठक उठली.

काका खरं तर तिथे कुणाचेच काका नव्हते. तरुणपणी ते विमानात गाडी ढकलत प्रवाशांना प्यायला देत असत. पुढे गुडघ्यांनी दगा दिला तेव्हा कंपनीने त्यांना जमिनीवर आणलं आणि त्या गाडीवर काय काय असावं हे ठरवण्याचं काम दिलं. कोणता संत्र्याचा रस, कोणती कॉफी, सोडा कुणाचा, वाइन कुठली. वर्षाच्या वर्षाला डबे-बाटल्या यायच्या, काका चाखायचे, आणि ते ज्याला हो म्हणतील ते वर जायचं. घोट घेऊन थुंकायचा म्हणून पाठीमागे त्यांना चूळभर म्हणत. ते त्यांना ठाऊक होतं आणि आवडतही होतं. चाखायची खोली खालच्या मजल्यावर, गोदामाला लागून. पण तिला सगळे म्हणायचे 'वर'. जुन्या विमानातल्या खुर्च्या तिथे ओळीने ठोकलेल्या होत्या, हवा कोरडी ठण्ण करून सोडलेली, आणि भिंतीतल्या स्पीकरमधून इंजिनाची घरघर अखंड चालू. कारण जमिनीवरची जीभ वर चालत नाही. वर गेलं की गोड झोपतं, आंबट पेंगतं, आणि टोमॅटो मात्र टक्क जागा होतो. म्हणून तर घरी ज्याने जन्मात टोमॅटोचा रस तोंडाला लावला नाही तो माणूस विमानात बसला की तोच मागतो. "काका कुठायत?" कुणी विचारलं, तर चौकीदार हटकून म्हणायचा, "काका वर गेले," आणि वर स्वतःच जीभ चावायचा. हा विनोद इतका जुना झाला होता की त्यावर हसायची पाळी ठरवून घ्यावी लागली असती.

खोटं कशाला बोलायचं, नाक गेलं होतं. अपघात नाही, आजार नाही, साधं पडसं. सगळ्या गावाला झालं, तसं काकांनाही झालं. गावाचं बरं झालं, काकांचंही बरं झालं, पण जाताना ते नाक घेऊन गेलं. जिभेला गोड, आंबट, खारट, कडू कळत होतं. पण ते म्हणजे नुसता सांगाडा. संत्र्याचं संत्रेपण आणि कॉफीचं कॉफीपण नाकात असतं, हे त्यांनीच आजवर कितीजणांना शिकवलं होतं. एका डॉक्टरांकडे ते गुपचूप जाऊन आले. डॉक्टर म्हणाले, येईल परत, किंवा येणार नाही. असली उत्तरं द्यायला शिकायला लागतं का, असं काकांच्या ओठांवर आलं होतं. मग त्यांनी तोंड मिटलं आणि कामावर जाऊ लागले. करणार काय? या कामावाचून ते कोण होते? गुडघे गेलेला, निवृत्तीला टेकलेला एक माणूस, बस. आणि गंमत म्हणजे काम अडलं नाही. नाक गेलं होतं पण नाकाने आयुष्यभर साठवलेलं कुठे गेलं होतं? डबा बघायचा, रंग बघायचा, जिभेवर घोळवायचा, आणि आठवायचं. संत्र्याचा रस म्हटलं की पहाटेच्या विमानात पडद्याआड उभ्याने प्यायलेला पहिला घोट आठवायचा. कॉफी म्हटलं की हिवाळ्यातल्या कुठल्याशा परक्या विमानतळावर सगळ्या ताफ्याने एकाच किटलीतून वाटून घेतलेली कॉफी. ती चव ते समोरच्या कपात ओतायचे आणि तिचंच वर्णन करायचे. आठवणीतलं सगळंच थोडं जास्त चांगलं असतं, त्यामुळे काका हल्ली फार उदार झालेत असंही लोक म्हणू लागले. अडलंच तर नवीच्या भुवईकडे बघायचं. ती पोरगी चाखताना काही वावगं लागलं की डावी भुवई उचलायची, आणि ते तिचं तिलाही माहीत नव्हतं. तिला येऊन तशी बरीच वर्षं झाली होती, पण तिच्यानंतर कुणी भरतीच झालं नाही म्हणून ती नवी ती नवीच राहिली. आज मात्र काकांनी तिच्या भुवईकडे पाहिलं नव्हतं. पाहायची गरजच वाटली नव्हती. कारण आज त्यांनी काही आठवलं नव्हतं, कसलं सोंग केलं नव्हतं; देठ खरोखरच आला होता. मधला कप नाकाशी नेला आणि टोमॅटो झाडावरून खुडताना बोटांना येतो तो हिरवा, तिखटसर वास स्वच्छ आला. त्यांना वाटलं होतं, आलं नाक परत! आणि कप उलटा केला तर हे.

बाहेर पडताना गोदामाच्या दाराशी नवीने त्यांना गाठलं. हातात रिकाम्या कपांची चळत होती. "काका, रागावणार नसाल तर विचारू? तुम्हाला खरंच करपट नाही लागलं?" काका म्हणाले, "छे गं. तसं काही नव्हतं." "मग माझंच चुकलं असेल," ती म्हणाली. "नाही, या आठवड्यात मला कायम करायचं की नाही ते ठरायचंय ना. साहेब म्हणालेच होते, काकांच्या जिभेशी तुझी जीभ जुळते का ते बघणार आहे. आता कसली जुळतेय." आणि ती हसली. ते हसणं काकांना ओळखीचं होतं, विमानात गरम कॉफी स्वतःच्या हातावर सांडली की ताफ्यातली माणसं प्रवाशाकडे बघून तसं हसतात. काकांनी तिच्या खांद्यावर थोपटलं, "बघू उद्या," असं काहीतरी पुटपुटले आणि फाटकाकडे निघाले. फाटकाशी पोहोचेपर्यंत त्यांना स्वतःचीच लाज वाटू लागली होती. बघू उद्या! उद्या काय बघणार होते ते? आपली मूठ झाकलेली राहावी म्हणून त्या पोरीच्या चांगल्या नाकाला खोटं पाडायचं, दुसरं काय.

बस रिकामी मिळाली. खिडकीशी बसून काकांनी रुमाल नाकाला लावला, सवयीने. रुमालाला साबणाचा वास येत असणार, असं त्यांनी स्वतःला सांगितलं. पण तो देठ? तो मेला कुठून आला? आणि मग रस्त्याच्या वळणावर बस कलली तसं त्यांना कळलं की तो कुठून आला, किंवा आधीपासून कळलेलंच होतं आणि ते त्याला टाळत होते. देठ हा शब्द त्यांचा नव्हताच. आईचा होता. नोकरीच्या सुरुवातीला ते दर फेरीहून आईसाठी काही ना काही आणायचे, मिठाच्या इवल्या पुड्या, साखरेच्या कांड्या, आणि उरलेले टोमॅटोच्या रसाचे बुटके डबे. आईने पहिला डबा मोठ्या कौतुकाने पेल्यात ओतला, घोट घेतला, आणि मोरीत जाऊन थुंकली. "शी! हे पत्र्याचं पाणी पितात तुमचे लोक? पैसे देऊन?" "आई, इथे नाही तो चांगला लागत. वर गेल्यावर लागतो." "वर गेल्यावर बघेन मग," आई म्हणाली, "घाई कसली आहे?" असली बोलणी तिला तोंडपाठ होती. तिचं तोंड म्हणजे वाजतं मडकं, बाबा म्हणायचे, पण बाबा गेल्यावर ते मडकं बराच काळ वाजलं नाही. तेव्हा काकांनी हट्टाने तिचं तिकीट काढलं, त्यांचीच पाळी होती त्या विमानाचं. मावशीकडे जाऊन यायचं, तेवढाच बदल. निघायच्या आधी त्यांनी तिला बजावून बजावून सांगितलं, "हे बघ, विमानात मला हाक मारायची नाही. बाळबीळ तर मुळीच नाही. मी कामावर असेन. नियम असतात." आई म्हणाली, "बरं बाबा. ओळखच दाखवत नाही, मग तर झालं?" आणि बाईने शब्द पाळला! ठेवणीतली शाल अंगावर घेऊन ती खिडकीशी बसली होती, ट्रंकेत वर्षानुवर्षं डांबराच्या गोळ्यांत राहिलेली शाल, आणि तिचा वास आजूबाजूच्या तीन रांगांना येत होता. गाडी ढकलत काका तिच्या रांगेशी आले. शेजारच्या गृहस्थाने सोडा घेतला. मग आईने मान वर केली, परक्या माणसाकडे बघावं तसं बघितलं आणि विचारलं, "अहो भाऊ, काय काय आहे हो तुमच्याकडे प्यायला?"

अहो! स्वतःच्या पोटच्या पोराला! हसू दाबता दाबता काकांची पुरेवाट झाली. त्यांनी म्हणायला सुरुवात केली: साधं पाणी, थंड पाणी, सोडा, संत्र्याचा रस, सफरचंदाचा रस, अननसाचा रस, टोमॅटोचा रस, लिंबाचं सरबत, कोला, चहा, कॉफी, आणि मग आवाज जरा खाली नेऊन, बिअर, लाल वाइन, पांढरी वाइन, व्हिस्की. आई मान किंचित कलती करून ऐकत होती. लहानपणी पाहुणे आले की ती काकांना पुढे उभं करून कविता म्हणायला लावायची, तेव्हा ती अशीच ऐकायची. ओठ हलवत, म्हणजे मध्येच अडला तर सांगता यावं. यादी संपली. आई म्हणाली, "परत एकदा सांगता का? या आवाजात नीट ऐकू आलं नाही." शेजारच्या गृहस्थाने वर्तमानपत्र खाली घेतलं. मागच्या रांगा खोळंबल्या होत्या, पडद्यापाशी उभी असलेली ताफ्याची मुख्य, जिला सगळे मास्तरीणबाई म्हणत, ती भुवया ताणून बघत होती. काकांनी पुन्हा सगळं म्हटलं, फक्त शेवटचं मद्याचं तेवढं गाळलं. आई शांतपणे म्हणाली, "मघाशी अजून काहीतरी होतं शेवटी." तेही म्हणावं लागलं. व्हिस्कीपर्यंत ऐकून घेऊन तिने समाधानाने मान हलवली आणि मागितला टोमॅटोचा रस. पहिला घोट तिने घाबरतच घेतला. मग थांबली, पेल्यात पाहिलं, दुसरा घेतला. खिडकीतून येणारं ऊन पेल्यातून तिच्या हनुवटीवर लाल पडलं होतं. आणि मग नियमबियम सगळे विसरून तिने मोठ्यांदा म्हटलं, "अरे बाळ, खरंच की रे! देठ खुडल्याचा वास येतोय याला!" गृहस्थ दचकले. तिने त्यांच्याकडे वळून सांगूनच टाकलं, "आमचा आहे तो." त्यानंतर आई फार वर्षं राहिली नाही. विमानातही पुन्हा बसली नाही. पण तेव्हापासून टोमॅटोचा रस चाखताना काकांच्या तोंडी 'देठ येतो' हे आलं, पुढे त्यांचे साहेब म्हणू लागले, पुढे पुरवठा करणारे म्हणू लागले, आणि आता ज्यांनी आयुष्यात टोमॅटो खुडला नाही असे लोकही बैठकीत गंभीरपणे म्हणतात, देठ जरा कमी आहे. यातलं कुणालाही आईबद्दल माहीत नव्हतं.

घरी आल्यावर बूट काढायच्याही आधी काकांनी कपाट उघडलं. सगळ्यात वरच्या कप्प्यात ती शाल होती. त्यांनी तिच्यात तोंड खुपसलं आणि जोराने श्वास घेतला. काही नाही. लोकर टोचली, तेवढंच. पुन्हा घेतला. छातीत नुसती हवा भरली. आता त्यांना खरी भीती वाटली. नोकरीची नव्हे, तिचं काय ते होईल. पण नाक नसेल तर आठवण तरी किती दिवस पुरेल? ती आज कपात नसलेला देठ दाखवते, उद्या असलेलं लपवेल, मग एके दिवशी दोन्ही नाही. डांबराच्या गोळ्यांचा वास कसा होता ते त्यांनी आठवून पाहिलं आणि त्यांना नुसता शब्द आठवला. स्वयंपाकघरातून बायकोने हाक मारली, "अरे, आलास तर चहा घे. निवतोय."

ही बायको म्हणजे तीच पडद्यापाशी भुवया ताणून उभी असलेली मास्तरीणबाई. ती नोकरीत त्यांच्या आधीची, त्यांना गाडी ढकलायला तिनेच शिकवलं, त्यामुळे लग्न झालं तरी तिचं अरे-तुरे सुटलं नाही. सुरुवातीला आईला ते खटकायचं, मग आईच म्हणू लागली, की याला अरे म्हणणारं कुणीतरी हवंच. त्यांच्या घरात एक रीत होती. चहाचा पहिला घोट काकांनी घ्यायचा आणि चाखण्याच्या खोलीत देतात तसा निकाल द्यायचा, साखर बेताची, दूध एक पळी जास्त, वेलदोडा नेमका. बायकोने त्यावर "उपकार झाले" म्हणायचं आणि मग आपला कप उचलायचा. लग्नाच्या पहिल्या सकाळपासून एकही दिवस हे चुकलं नव्हतं, भांडणाच्या दिवशीसुद्धा. त्या दिवशी निकाल जरा कडक लागायचा, इतकंच. आजही काकांनी घोट घेतला. मन जागेवर नव्हतं, तोंड आपलं सवयीने बोललं, "आज वेलदोडा मस्त उतरलाय." बायकोचं "उपकार झाले" आलं नाही. काकांनी वर पाहिलं. ती आपल्या कपाकडे बघत होती.

"काय झालं?"

"काही नाही. वेलदोडे संपलेत रे."

"कधी?"

"झाले की बरेच दिवस. तुझं ते पडसं गेलं त्या सुमाराला." ती कपाच्या कानाशी चाळा करत होती. "पहिल्या दिवशी आणायला विसरले. तू म्हणालास, वेलदोडा छान आहे. मला वाटलं टोमणा मारतोयस. दुसऱ्या दिवशी पुन्हा तेच. मग कळलं मला."

"आणि बोलली नाहीस?"

"काय बोलू? तू इतक्या खात्रीने सांगायचास."

"अगं, मग आणायचे तरी!"

"आणले असते," ती म्हणाली, "आणि तू काहीच बोलला नसतास, तर? मग मी काय केलं असतं?" मग जरा थांबून, हसावं की नाही ते न ठरल्यासारखं तिने म्हटलं, "आणि खरं सांगू? हसू नकोस. तू रोज म्हणायचास ना, तर हल्ली हल्ली मलाही येतो. थोडासा."

काका हसायलाच गेले, पण घशातून आवाज निघाला तो निराळाच. बायको उठली नाही, जवळ आली नाही. तिने टेबलावरून हात पुढे करून त्यांच्या कपावर बशी झाकली, चहा निवू नये म्हणून. मग काकांनी सगळं सांगितलं. पडसं, डॉक्टर, नवीची भुवई, आजचा मधला कप, आईचा देठ, शाल. सांगताना त्यांना वाटत होतं की ही आता म्हणेल, जाऊ दे रे, थोडे दिवस राहिलेत, कोण बघतंय. तसं म्हणाली असती तर त्यांना हवंच होतं. पण ती म्हणाली, "त्या मुलीला कायम करायचं याच आठवड्यात ठरणार आहे?" काकांनी मान हलवली. "गाडीवरून प्रवाशाच्या अंगावर काही सांडलं तर काय करायचं, काय शिकवलं होतं मी तुला?" "आधी बोलायचं, मग पुसायचं." "आणि तू?" "मी आधी पुसायचो." "आणि डाग पसरायचा," ती म्हणाली. तिने बशी काढली. "पी आता. वेलदोडा नाही त्यात, पण आलं आहे, झोंबेल तेवढं तरी." काका प्यायले. झोंबलं. इतक्या दिवसांत पहिल्यांदाच ते समोरच्या कपात जे होतं तेच प्यायले होते, आणि ते अगदीच वाईट नव्हतं.

सकाळी 'वर' सगळे जमले तेव्हा साहेबांच्या पुढ्यात सहीचे कागद होते आणि पेनाचं टोपण काढलेलं होतं. काका बसलेच नाहीत. खुर्चीच्या पाठीला धरून उभ्यानेच म्हणाले, "थांबा जरा. मला वास येत नाही." इंजिनाच्या घरघरीत साहेबांना ऐकू गेलं नसावं, कारण ते म्हणाले, "कसला वास?" "कसलाच. पडसं झालं तेव्हापासून. काल मी ज्याला जुना म्हटलं त्यातलं मला काहीच कळलं नव्हतं. हिला कळलं. हिची जीभ माझ्या जिभेशी जुळत नाही हे बरोबर आहे, कारण हिची चालते. हिचं धरा." साहेबांनी टोपण पेनाला लावलं, काढलं, पुन्हा लावलं. त्यांच्या चेहऱ्यावर आधी राग आला, मग काळजी, मग या हंगामाचं काय करायचं हा हिशोब, आणि शेवटी, काकांना अपेक्षा नव्हती ते, थोडं दुःख. "काका, आधी सांगायचंत," एवढंच ते म्हणाले. मग सगळं भराभर झालं. नव्या कंपनीचा डबा पुन्हा फोडला, बाकीच्यांनी पुन्हा चाखला, या वेळी काकांच्या चेहऱ्याकडे न बघता, आणि एकेकाचं नाक आक्रसू लागलं. हो, करपट आहे खरा. कालही वाटलंच होतं मला, असं एक जण म्हणाला. असा एक जण असतोच. कागद फाडले गेले. दुसरा रस मिळेपर्यंत गाडीवरून टोमॅटो बंद, असं ठरलं. काकांनी काय करायचं ते साहेब नंतर बोलणार होते. काकांना ते न बोलताच कळलं होतं. गोदामाच्या बाजूला एक टेबल आहे, खिडकी आहे, तिथे काहीतरी काम निघेल. नाहीतर घरी बायको आहे, शिकवायला तयार.

बाकीचे गेले. काका आपला रुमाल, चष्मा, थुंकायची ती बादली असं एकेक उचलत होते. नवी दाराशी घुटमळली, मग परत आली. तिच्या हातात जुन्या कंपनीचा डबा होता. "एवढाच उरलाय काका. शेवटचा." तिने तो फोडला, दोन कपांत ओतला, आणि ओतल्यावर तिच्या लक्षात आलं की आपण काय केलं. "सॉरी," ती म्हणाली, "मी विसरलेच." काका म्हणाले, "असू दे. बस." आणि स्वतः खिडकी नसलेल्या खिडकीकडच्या खुर्चीत बसले. त्यांनी एक घोट घेतला. खारट, थोडा आंबट, जाडसर, गार. पुढे काही नाही. त्यांनी वाट पाहिली, कालच्यासारखं काही येतं का, नाही आलं. मग ते म्हणाले, "तू घे. आणि सांग मला काय काय आहे त्यात." नवी संकोचली. तिने कप नाकाशी नेला, घोट घेतला, आणि पहिल्यांदाच थुंकला नाही, गिळला. "आधी मीठ येतं," ती अडखळत म्हणाली. "मग ऊन पडलेल्या मातीसारखं काहीतरी. मग पिकलेला गर, गोड नाही पण गोडाच्या जवळ. आणि सगळ्यात शेवटी, गिळून झाल्यावर, देठ. आम्ही नुसतं म्हणतो ते, तसा नाही. खराच. कुणीतरी आत्ता खुडून हातात दिल्यासारखा." ती बोलत होती तेव्हा तिची भुवई जागच्या जागी होती, आणि काका मान किंचित कलती करून ऐकत होते. त्यांचे ओठ हलत होते. ती थांबली. भिंतीतून इंजिनाची घरघर चालूच होती.

"अहो ताई," काका म्हणाले, "परत एकदा सांगता का? या आवाजात नीट ऐकू आलं नाही."